गाडी दोन बोटं खाली

बेळगावच्या जुन्या पार्टांच्या गल्लीत मी शिरलो तेव्हा माझ्या हातात बांबूची एक काठी होती. चार-पाच इंचांची, दोन्ही टोकं चाकूनं सपाट केलेली. दुकानदारानं आधी काठीकडे बघितलं, मग माझ्या पिकलेल्या मिशीकडे, मग रस्त्याकडेला लावलेल्या माझ्या जुन्या हॅचबॅककडे.

“काय पाहिजे काका?”

“गाडी खाली बसवायची हाय. आखूड स्प्रिंगा काढ.”

मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बघायला आलेली कॉलेजची दोन पोरं तिथं होती. त्यातला एक म्हणाला, “काय काका, रेसला उतरतायसा?”

“व्हय,” मी म्हणालो. “तुझ्या बापाबरोबर लावलीय. त्याला सांग, टायर बघून ठेव म्हणावं.”

दुसरा फिसकन हसला आणि पहिल्यानं तोंड फिरवलं. मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं.

गाडी खाली बसवणं हा पोरांचा नाद. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट बुजली की गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते, तेवढ्यासाठी ती खर्च करतात. माझं कारण वेगळं होतं. माझी बायको घरी अंथरुणावर होती आणि तिनं मला सांगितलं होतं, की ह्या गाडीत ती पुन्हा बसणार नाही.

तिच्या पोटात पाणी व्हायचं. लिव्हरचं दुखणं, शेवटच्या पायरीला आलेलं. रामनगरहून मी तिला बेळगावच्या दवाखान्यात न्यायचो, ते पाणी काढायचे, काही दिवसांत पुन्हा भरायचं. रामनगरहून बेळगाव तसा सरळ रस्ता, तरी परतताना ती डबा मांडीवर धरूनच बसायची. गाडी जुनी. स्प्रिंगा थकलेल्या, शॉकअप मेलेले. वळण आलं की गाडी कुशीवर कलंडायची, सरळ झाली तरी झोका थांबायचा नाही. त्या झोक्यानं तिला ओकाऱ्या यायच्या, आणि ओकारी आली की पोटातून कळ उठायची.

एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवा. त्यांचा चेहरा बघून मी भाव केला नाही. आयुष्यात एवढीच एक जागा, जिथं मी पहिल्या शब्दाला मान हलवली.

ती म्हणाली, “मग मला माहेरला न्या. तिथं पडते.”

“नेतो.”

“पण ह्या गाडीतनं न्हाई. जोयड्याच्या पुढची वळणं मला सोसायची न्हाईत. वाटंतच जाईन मी.”

तिचं माहेर जोयड्याच्या पुढे, सुप्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. रस्ता रानातून. डोंगराला वळसे घालत जातो. मागच्या पडवीतून धरणाचं पाणी दिसतं आणि त्या पाण्याखाली तिचं जुनं गाव आहे, जिथं ती जन्मली. त्या पडवीत पडून राहायचं, एवढंच तिला हवं होतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. मी लॉरीचा क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, मग स्वतःची लॉरी, मग रामनगरात हार्डवेअरचं दुकान. प्रत्येक पायरी मी घासाघीस करून मिळवली. ती म्हणायची, “तुम्ही यमाशी बी भाव कराल.” करायची वेळ आली तेव्हा मात्र समोर यम नव्हता. तिचा थोरला भाऊ होता.

त्याच्याकडे मोठी गाडी होती. तिला सगळे जीपच म्हणत. मागची सीट दुमडली की माणूस आडवा झोपून जाईल एवढी. कुळगीला, दांडेलीला येणारे पर्यटक त्या गाडीतून तो रानात फिरवायचा, तिकडून आपल्या गावाकडे धरणाचं पाणी दाखवायला आणायचा. ती गाडी त्याला मी घेऊन दिली होती. हुबळीला त्याच्याबरोबर जाऊन, दिवसभर विकणाऱ्याच्या दारात बसून, दोनदा उठून चालू लागून. तेव्हा तो मला सगळ्यांसमोर म्हणाला होता, “दाजी नसते तर मला ह्या लोकांनी सोलून खाल्लं असतं.”

मी मोटारसायकल घेऊन त्याच्या घरी गेलो. पडवीत बसलो. त्यानं बहिणीची चौकशी केली, डोळे पुसले. मग मी गाडीचं काढलं.

“शनवार-आयतवार बुकिंग हाय दाजी. आधी पैसे घेतलेलं हायत.”

“मग मधल्या वारी.”

“मधल्या वारी रिसॉर्टची माणसं न्यायची असत्यात. बघू. कळवतो की.”

व्यापारात ‘बघू’चा अर्थ मला कळतो. तरी मी थांबलो. त्याचा फोन आला नाही. मी केला तेव्हा तो म्हणाला, रेंज नव्हती. ह्या तालुक्यात कुणाला नाही म्हणायचं असलं की रेंज जाते.

आता मी स्वतःच्या गाडीचा विचार करायला लागलो. लॉरीवर असताना पाट्यांच्या स्प्रिंगांशी माझं आयुष्य गेलेलं. एवढं कळत होतं, की गाडीचं अंग खाली आलं आणि स्प्रिंग कडक झाली की वळणावर ती कमी कलंडते. पण कडक स्प्रिंग खड्ड्याचा धक्का तसाच्या तसा आत पोचवते. झोका कमी, धक्का जास्त. दोन्ही मिळत नाही. हे मी तिला समजावून सांगितलं आणि विचारलं, तुला काय सोसेल?

तिनं विचार केला. “धक्का चालंल,” म्हणाली. “धक्का बसतो आणि जातो. त्यो झोका जातच न्हाई.”

ठरलं. पण किती खाली? तिथं तिच्या माहेरचा दगड आडवा येत होता.

त्या गावाच्या शिवेवर रस्त्याच्या मधोमध एक काळा दगड आडवा पुरलेला आहे, उंबऱ्यासारखा. तो राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा. गावात शिरणाऱ्यानं त्याच्या अलीकडे वाहनातून उतरायचं, चपला काढायच्या, अनवाणी चालत तो ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं. चालवणारा तेवढा बसलेला चालतो, पण त्यानंही आधी उतरून दगडाला हात लावायचा. तान्हं मूल असलं तरी आई त्याचे पाय मातीला टेकवते आणि मग उचलून नेते. पाय न टेकता त्या दगडावरून जातं ते फक्त मढं. लग्न झाल्यापासून मी तिथं शेकडो वेळा गाडी रिकामी करून नेली असेन. त्यात आता विचार करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दगड मूळचा खालच्या गावातला. धरण भरायला लागलं तेव्हा तिच्या वडिलांनी तो उपटून बैलगाडीत घातला आणि वर आणून पुरला. ती तेव्हा परकरी पोर होती, हातात नारळ धरून गाडीमागून अनवाणी चालत वर आली होती. ही गोष्ट ती आमच्या मुलांना सांगायची. मुलं आता पुण्यात आणि बंगळूरला आहेत. व्हिडिओवर आईला बघून रडत होती आणि सुट्टी मिळते का बघत होती.

पावसानं दगडाच्या दोन्ही बाजूंची माती वाहून गेलेली. चाकांच्या चाकोऱ्या खोल आणि मधे दगड वर आलेला. रामनगरपासून तिच्या दारापर्यंत गाडीच्या पोटाला लागेल असं सगळ्यात उंच ठिकाण तेच. मी तिथं जाऊन चाकोरीच्या तळापासून दगडाच्या माथ्यापर्यंत बांबूची काठी कापून घेतली. लोखंडी पट्टीवर माझा विश्वास आहे, पण पट्टी वाचताना माणूस चुकतो. काठी चुकत नाही.

दुकानदारानं आधी कापलेल्या स्प्रिंगा दाखवल्या. मूळच्याच स्प्रिंगेचे दीड-दोन वेढे ग्राइंडरनं उडवलेले.

“स्वस्तात काम होतंय काका. सगळी हेच घालत्यात.”

“सगळी मरत्यात तसलं मला नको. कापलेलं टोक खालच्या वाटीत बसतंय काय? खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडंल.”

तो जरा सावरून बसला. मग त्यानं मूळच आखूड घडवलेला एक सेट काढला. अपघातात गेलेल्या गाडीतून निघालेला, पण स्प्रिंगा फारशा वापरलेल्या नव्हत्या. वरचे वेढे जवळजवळ, खालचे लांब. म्हणजे बारीक खड्ड्याला जरा नरम आणि कलंडायला लागली की कडक. मी चारी स्प्रिंगा दुकानाच्या फरशीवर उभ्या केल्या. पुढची जोडी सारखी, मागची जोडी सारखी. वेढ्यांवर बोट फिरवून गंज बघितला, चीर बघितली. दुकानदारानं भाव सांगितला. मी काठी उचलली आणि निघालो. पायरीवर पोचेपर्यंत त्यानं हाक मारली. पुन्हा सांगितला. मी चप्पल घातली. तिसऱ्या वेळी मी आत आलो आणि शॉकअपही त्याच बोलीत घातले, कारण कडक स्प्रिंग आणि मेलेला शॉकअप ही जोडी झोक्यापेक्षा वाईट. गाडी बेडकासारखी उड्या मारते.

“काका, तुम्ही दुकान काढायला पाहिजे होतं,” तो वैतागून म्हणाला.

“काढलंय,” मी म्हणालो.

बसवण्याचं काम शेजारच्या गॅरेजात. मिस्त्री बडबड्या होता, माझ्या काठीची त्याला फार मौज वाटली. “काका, ह्यानं कुणाला मारायचं हाय?” त्यानं चाक उतरवलं, ब्रेकची नळी बाजूला बांधली, खालचे बोल्ट सोडले, वरचे नट काढून पुढचा शॉकअप स्प्रिंगेसकट बाहेर ओढला. मग दोन पकडी लावून स्प्रिंग आवळायला लागला. आवळलेल्या स्प्रिंगेजवळ मी नेहमी एक पाऊल मागे उभा राहतो. लॉरीवर असताना पाटा सुटून एकाचा जबडा गेलेला मी बघितला आहे. जुनी स्प्रिंग सुटली ती चांगली लांब निघाली, नवीन तिच्या शेजारी ठेंगणी. दोघींत दोन बोटांचा फरक. मिस्त्री टोक वाटीत न बसवताच नट आवळायला निघाला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, “आपोआप बसतंय ते.” मी म्हणालो, “माझं पेशंट बसणार हाय ह्यात. आपोआप काय बी नको.” त्यानंतर तो बडबडला नाही. मागच्या स्प्रिंगा सोप्या गेल्या. आदळणीचं रबर थोडं कापलं, चाकांची अलाइनमेंट करून घेतली.

शेवटी गाडी सपाट फरशीवर घेतली. मी एकटा स्टीअरिंगवर बसलो आणि मिस्त्रीला सांगितलं, काठी उभी धरून चेंबरखालून सरकव. इंजिनाच्या तेलाचं भांडं म्हणजे चेंबर, तेच सगळ्यात खाली.

“गेली काका.”

“किती राहिलं?”

“अर्धं बोट.”

अर्धं बोट मला पुरे होतं. मला शंकाही आली नाही. दगडावरून गाडी जाते ती चालवणाऱ्या एकट्यासकट, बाकीचे उतरलेले असतात. तेच माप मी घेतलं होतं. त्या गावचा कुठलाही माणूस तेच घेईल.

घरी आल्यावर तिला अनमोडच्या बाजूला थोडं फिरवून आणलं. मुद्दाम वळणावळणाचा रस्ता घेतला. ती डबा मांडीवर घेऊनच बसली होती. गाडी खड्ड्यात दणकन आदळायची, तेव्हा तिचे ओठ आवळले जायचे. पण वळणावर गाडी सरळ राहत होती. परतताना तिनं डबा खाली पायाशी ठेवला. “पोटातलं पाणी बी हललं न्हाई,” म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

निघालो ते सकाळी ऊन वर आल्यावर. तिची सीट मागे पाडली, पाठीला उशा. मागच्या सीटवर गादीची वळकटी आणि कपड्यांचं बोचकं. ती फार हलकी झाली होती, नुसतं पोट तेवढं जड. पाय मात्र सुजून खांबासारखे. जोयड्यापर्यंत ती गप्प होती. पुढे रान लागलं तशी बोलायला लागली. हे झाड, तो ओढा, इथं आम्ही कंद खणायचो, इथं गवा आडवा आला होता. एका वळणावर मी फार हळू घेतली तेव्हा म्हणाली, “जावा की. आता गाडी चांगली हाय.” एवढंच बक्षीस मला त्या स्प्रिंगांचं मिळालं.

दगडापाशी मी थांबलो. उतरलो, चपला काढल्या, दगडाला हात लावला. आणि तेव्हा चाकोऱ्या बघितल्या. मी काठी कापली होती त्यापेक्षा त्या खोल झाल्या होत्या. सुट्टीचे दिवस, पर्यटकांची गर्दी. मेव्हण्याची जीप रोज दोन-दोनदा जाऊन माती दोन्हीकडून खरवडली गेली होती. माझं अर्धं बोट त्या मातीत गेलं होतं, किंवा जेमतेम नखभर उरलं होतं. तरीही एकट्यासकट गाडी जाईल असा माझा अंदाज होता. मी तिच्या बाजूचं दार उघडलं.

तिनं पाय हलवायचा प्रयत्न केला. मांडी उचलली, पण खालचा पाय आला नाही. मी काखेत हात घातला तर ती किंचाळली. कपाळावर घाम. मी दार लावलं.

“राहू दे,” मी म्हणालो. “बसून जाऊ.”

“नको वो.”

“राखणदाराला दिसतंय तू आजारी हायस ते.”

मी आत बसलो आणि गाडी पुढे घेतली. पुढची चाकं दगडाच्या दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्यांतून गेली आणि खालून चेंबर खरवडल्याचा आवाज आला. मग गाडी थांबली. पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. जोर लावला तर चेंबर फुटेल.

आवाजानं शेतातली माणसं आली आणि त्यांच्यामागून तिचा भाऊ. तिला आत बसलेली बघून तो आधी धावला, मग दगड बघून थबकला.

“दाजी, बाय आत बसलीया.”

“दिसतंय मला.”

“आत बसवून आणली दगडावर?”

“तिचे पाय बघ आणि मग बोल.”

“खाली घ्या तिला. आम्ही धरतो.”

माझं डोकं फिरलं. मी स्टीअरिंगवरून उठलो नाही, खिडकीतूनच ओरडलो. “तुझ्या जीपमधनं शहरातली माणसं बूट घालून, चिप्स खात ह्या दगडावरनं जातात. मी बघितलंय. त्यांना कधी उतरवलंस? आणि मरणाला टेकलेली बहीण उतरवतोस?”

तो चिडला नाही. त्याचंच मला जास्त लागलं. “ती माणसं आमची न्हवंत दाजी,” तो म्हणाला. “त्यांचं जाणं धरत न्हाईत. ही आमची हाय.”

“मग माती टाका चाकोरीत. गाडी उचलू, नेऊ.”

“माती टाकतो. गाडी जाऊ दे. पण ती बसून जायची न्हाई.”

“खुर्ची आणा.”

“खुर्ची काय आणि खांदा काय. तसं माणूस एकदाच जातंय.”

“दगड तुझ्या बापानं खालनं वर आणला,” मी म्हणालो. “देव जागा बदलतो, तर चार हात बाजूला सरकत न्हाई? सरकवा. मी वर्षाचा नारळ देतो, बोकड देतो, बोला.” मी खरंच भाव करत होतो. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. कुणीच बोलेना. आयुष्यभर मी समोरच्याच्या गप्प बसण्याला घाबरलो नाही, कारण गप्प बसलेला माणूस शेवटी किंमत सांगतो. तिथं कुणी किंमत सांगत नव्हतं.

तेवढ्यात ती म्हणाली, “पुरे.”

तिनं स्वतः दार ढकललं. भाऊ पुढे झाला. तिनं एक हात त्याच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या हातानं स्वतःचा सुजलेला पाय परकरी पोरीनं बाहुली उचलावी तसा उचलून बाहेर ठेवला. मग दुसरा. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी स्टीअरिंग धरून पुढे बघत बसलो होतो. रागानं मी उतरलोच नाही. मला वाटलं मी उतरलो तर त्यांचं मान्य केल्यासारखं होईल.

ती उभी राहिली आणि गाडी माझ्याखाली जराशी वर आली. नखभर. खालून लोखंड दगडावरून सुटल्याचा बारीक आवाज झाला.

ती दगडापलीकडे गेली. दोन्ही पाय मातीला टेकत, भावाच्या अंगावर भार टाकून, मधे थांबून. दगडाला वाकायला तिला जमलं नाही, म्हणून तिनं बोटं कपाळाला लावली. मग मी गाडी सोडली. चेंबर कुठंही लागला नाही.

पलीकडे तिला पुन्हा बसवायला गेलो तर ती नको म्हणाली. घर हाकेच्या अंतरावर होतं. दोन माणसांनी तिला उचलली; दगड ओलांडून झाला होता, आता उचललेलं चालत होतं. पडवीत गादी घातली. तिथून पाणी दिसत होतं, वरच्या अंगाला निळं, मधे जुनी वाळकी झाडं वर आलेली. तिनं बोटानं दाखवलं, “थितं आमची विहीर.” मला नुसतं पाणी दिसलं.

त्या चालण्यानंतर ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. तिचा भाऊ अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतो, की बाय आपल्या पायांनी गावात आली. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यानं एक दिवस जीप पाठवली असती तर ती झोपून आली असती, दगडापाशी तिच्यात थोडी ताकद उरली असती. तिनं मला कधी सांगितलं नाही, की त्या चालण्याचा तिला त्रास झाला की बरं वाटलं. मी विचारलं होतं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, “सगळीकडं हिशेब नका मांडू.”

ती गेली ती दुपारची वेळ होती. मुलं आली, उशिरा का होईना. रामनगरला नेऊ म्हणाली. मी नको म्हटलं. तिला खांद्यावरून शिवेबाहेर नेली, पाण्याच्या बाजूला. दगडावरून जाताना पुढचा खांदा माझा होता. माझे पाय मातीला टेकत होते आणि तिचे नव्हते, असं काहीतरी डोक्यात येत राहिलं. ह्या वेळी कुणी अडवलं नाही.

दिवस घातल्यावर मी परत निघालो. मुलं त्यांच्या भाड्याच्या गाडीनं पुढे गेली होती. मेव्हणा गाडीपर्यंत आला, चाकांकडे बघत उभा राहिला.

“दाजी, जुन्या स्प्रिंगा ठेवल्यायसा न्हवं? परत घालून घ्या. आमच्या रस्त्याला ही गाडी चालायची न्हाई.”

“आता कुणाला आणायचं हाय?” मी म्हणालो.

मागची सीट रिकामी होती, गादी त्यांच्याकडेच राहिली. शिवेवर मी उतरलो, चपला काढल्या, दगडाला हात लावला आणि बसलो. चाकोरी आणखी थोडी झिजलेली होती. मी काच खाली घेऊन, कान देऊन, अगदी हळू गाडी सोडली. खालून काही लागलं नाही. एकट्याचं माप होतं, ते बरोबर बसलं.